एकोणीस जणांची हळद

सांची आणि मैत्रेय, मागच्या रविवारी फोनवर सांची माझ्यावर चिडली. तिच्या लहान मुलांच्या कपड्यांच्या धंद्यात एकाच आठवड्यात शिवणारी माणसं सोडून गेली, गोदामात पाणी शिरलं आणि गिऱ्हाइकांनी तगादा लावला. ती हे सगळं एका दमात सांगत होती आणि मी म्हणाले, "एका वेळी एक काम घे." त्यावर ती म्हणाली, "आजी, तिथे बसून बोलायला सोपं आहे." तिचं चिडणं बरोबर होतं. ते वाक्य मुळात माझं नाहीच. ते मला मिळालं तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि माझ्या चुकीमुळे माझ्या वडिलांचा धंदा बुडायच्या बेतात होता. ही हकीकत तुमच्या आईलाही पुरती माहीत नाही. आजवर मी ती अर्धीच सांगत आले. आता उरलेली अर्धीही लिहून ठेवते, कारण अर्ध्या हकीकतीतून काढलेला उपदेश टिकत नाही, हे रविवारी मला कळलं.

आमचं घर आखाडा बाळापूरच्या बाहेर, हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. घर म्हणजे दोन खोल्या, आणि पुढे शेणाने सारवलेलं भलंमोठं आवार. आवाराच्या एका कडेला दोन चुलवणं, त्यांवर माणूस बसेल एवढ्या लोखंडी कढया, आणि मागे पत्र्याची शेड. आसपासच्या गावांतले शेतकरी आपली ओली हळद गाडीत भरून आणत. माझे वडील, आबा, ती शिजवत, वाळवत, मग ड्रममध्ये घालून घासत आणि पिवळीधमक करून ज्याची त्याला परत देत. आबा मूळचे साखऱ्याचे. तिथल्या कोरडवाहू तुकड्यावर भागेना म्हणून ते इकडे दुसऱ्याच्या चुलवणावर मजुरीला आले आणि दहा वर्षांत स्वतःची कढई घालून बसले. हळद शिजली की नाही ते काडी टोचून बघण्याआधीच त्यांना वाफेच्या वासावरून कळायचं. कमी शिजली तर आत फिकट कडं राहतं, जास्त शिजली तर रंग जातो. आबांच्या कढईतली हळद मोडली की आतून सारखी केशरी निघे. त्यासाठीच लोक लांबून येत.

आम्ही बौद्ध. हे इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हळद देवाला लागते, नवरानवरीला लागते. आबांच्या हातून शिजलेली हळद देवाला चालायची, पण त्याच हातचं पाणी हळद आणून टाकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना चालत नसे. ते आपली घागर गाडीतच घेऊन येत. आबा यावर कधी बोलले नाहीत. "त्यांनी वर्साचं पीक आपल्या अंगणात उघडं सोडलंय ना, मंग पाण्याचं काय घेऊन बसता," एवढंच एकदा म्हणाले होते. आपल्या आवारात एकाही माणसाची मूठभर हळद इकडची तिकडे झाली नाही, ही त्यांची सगळी मिळकत होती.

हळदीच्या दिवसांत घरातलं सगळंच पिवळं होई. मायच्या भाकरीवर पिवळी बोटं उमटत. दुपारी कढईवरचे गडी आणि बाया शेडमध्ये ओळीने बसत, माय येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढी, आणि येसराच्या खमंग वासातूनही हळदीच्या वाफेचा उग्र, मातकट वास नाकात शिरे. ड्रमची खडखड सकाळपासून चाले. ती इतकी अंगवळणी पडली होती की थांबली की आम्ही दचकून बाहेर बघत असू. औरंगाबादला कॉलेजात इंग्रजी शिकायला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली माझ्या नखांकडे बघून विचारत, "लग्न कुणाचं ग?" मी लिंबाच्या फोडीने नखं घासत बसे. आता वाटतं, ते लिंबू सरबताला वापरलं असतं तर बरं झालं असतं.

या सगळ्या कारभारावर आवाज असे तो गंगा आत्याचा. ही आबांची थोरली बहीण, विधवा, चुलवणाचा जाळ तिच्या ताब्यात. जाळासमोर बसून तिची जीभही तशीच झाली होती. एकदा एक गडी दुपारी शेडमध्ये आडवा झालेला बघून ती म्हणाली, "उठ रं बाबा, तुला बी शिजवून वाळू घातला असं समजून पोत्यात भरतील."

शिजवलेली हळद पंधरा दिवस आवारात वाळत पडे. एकेका शेतकऱ्याचा वेगळा ढीग. सकाळी तो पसरायचा, संध्याकाळी गोळा करून झाकायचा. ढीग कुणाचा हे ओळखायची रीत अशी होती, की शेतकरी आपल्या घरची एखादी वस्तू त्याच्या टोकाला ठेवून जाई. कुणाची फुटक्या घागरीची गळपट्टी, कुणाची वखराची गंजकी पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, कुणाचं एका पायाचं खेटर. तांड्यावरचे धर्मा राठोड काठीला लाल फडकं बांधून ती रोवून ठेवत. ढीग हलला तर खूणही त्याच्यासोबत हले. गड्यांना ती न सांगता कळे, कारण खेटर कुणाचं हे विसरणं अवघड असतं.

परीक्षा लवकर आटोपून मी घरी आले होते. पहिलंच वर्ष होतं, आणि पहिल्या वर्षाला जेवढं शहाणपण येतं तेवढं पुढे कधी येत नाही. ते खेटर बघून मला लाज वाटली. मी एक वही आखली. तारीख, नाव, गाव, किती पोती ओली हळद, कोणत्या दिवशी शिजवली. मग शेडमागची जुनी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, धुऊन घेतली, त्यांवर खडूने मोठे आकडे काढले, एक ते एकोणीस, आणि प्रत्येक ढिगाला एकेक कवेलू लावलं. घरोघरच्या त्या खुणा गोळा करून एका पोत्यात भरल्या आणि पोतं भंगारात टाकलं. आबा बघत होते. ते म्हणाले, "खडू पुसंल की ग." मी म्हणाले, "हिंगोलीहून ऑइल पेंट आणू, मग पक्के करू. आठवडाभराचा तर प्रश्न आहे." आबांना लिहितावाचता बेताचंच येई, पण मुलगी कॉलेजात आहे याचा त्यांना केवढा तरी अभिमान होता. त्यांनी मला करू दिलं. धर्मा राठोड आपला ढीग बघायला आले आणि बराच वेळ कवेलूकडे बघत राहिले. "पोरी, मला तेरावा नंबर काहून दिला?" मी त्यांना समजावलं, की नंबराचा मान-अपमान नसतो. ते म्हणाले, "बराबर हाय. पण बारावा कोणाला दिला ते सांग."

चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला. चैत्रात असा वारा येतो, त्यात नवल नाही. पण त्या दिवशी तो आला तोच ताडपत्री उचलून रस्त्यापलीकडे घेऊन गेला. मागोमाग टपोरे थेंब आणि मग गारा. शिजवलेल्या हळदीला पाणी लागलं की तिचा रंग मरतो. आबा, गडी, बाया, माय, सगळे फावडी आणि घमेली घेऊन धावले आणि जो ढीग हाताला लागेल तो शेडमध्ये ओतू लागले. मी वही पदराखाली धरून ओरडत होते, "सात नंबर डावीकडे, आठ नंबर त्याच्या शेजारी." कोण ऐकणार आणि काय वाचणार? कवेलू केव्हाच धुऊन कोरी झाली होती. आत्या माझ्या अंगावर खेकसली, "नंबराला जाळ लाव आन् घमेलं धर." अर्ध्या तासात पाऊस गेला. ऊन पडलं. शेडमध्ये एकोणीस जणांच्या हळदीच्या दोन मोठ्या राशी झाल्या होत्या. ड्रम बंद होता आणि पत्र्यावरून निथळणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज येत होता.

आबा राशीजवळ उकिडवे बसले. एक हळकुंड उचललं, उलटसुलट केलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. मायने चहा आणून ठेवला तो तसाच राहिला. घाबरलेला माणूस मी पाहिला होता. पण पुढे काय करायचं हेच न सुचलेले आबा मी पहिल्यांदाच पाहत होते. मी भंगारातलं पोतं ओतून बघितलं. घागर होती, पास होती, खेटर होतं. कुठली खूण कुठे होती हे मी लिहून ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं असतं तरी आता ढीगच उरले नव्हते.

मला एकच गोष्ट येत होती, ती मी केली. ओट्यावर बसून अडचणींची यादी लिहिली. हळद भिजली आहे. हळद मिसळली आहे. ताडपत्री फाटली. शेडचे चार पत्रे उडाले. चुलवणात पाणी भरलं. जळण ओलं झालं. रस्त्याला आठ गाड्या ओली हळद शिजायची वाट बघत उभी, ती तुंबली तर कोंब धरेल. ड्रमचा दांडा वाकला. असे तेवीस मुद्दे झाले. तेविसावा होता, चूक माझी आहे हे शेतकऱ्यांना सांगणे. तो मी सगळ्यांत खाली लिहिला. यादी इंग्रजीत लिहिली होती. का, ते आता विचारू नका.

आत्या अंग पुसत आली. "काय लिहून राहिली?"

"करायची कामं."

"वाच. आमच्या भाषेत वाच."

मी वाचत गेले. बाविसाव्यावर थांबले. तिने ते ओळखलं की नाही, मला माहीत नाही. ती म्हणाली, "यातलं उद्यापर्यंत मरणारं कोणतं?"

मी विचार केला. "भिजलेली हळद. रास तशीच राहिली तर बुरशी धरेल."

"मंग तेवढं धर. बाकीचं न्हाईच, असं समज." आणि तिने आपला पिवळा पंजा वहीच्या पानावर ठेवला, असा की वरची एकच ओळ उघडी राहिली.

"पण आत्या, कुणाची कुठली हळद..."

"एकोणीस जणांची हळद एका दमात हुडकायला तुला कुणी सांगितलं? कुणाची बी असो, आधी ती वाळली पायजे. मेलेली हळद कुणाला वाटणार हाईस तू?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोन्ही राशी आवारात पातळ पसरल्या. तेवढंच काम. रस्त्यावरच्या आठ गाड्यांच्या मालकांना आबा म्हणाले, "आज न्हाई जमत, उद्या सांगतो," आणि ते ऐकून त्या दिवसापुरतं जग बुडालं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. संध्याकाळी आत्याने विचारलं, "आता सोपा कोण?" सर्वांत सोपे धर्मा राठोड होते. बाकीच्यांची जमीन काळी, तांड्याची मुरमाड. त्यांच्या हळकुंडांच्या पेरांत तांबूस माती बसलेली असे, ती शिजवूनही पुरती सुटत नसे. आबांनी निरोप धाडला. धर्माकाका आले, त्यांना आबांनी खरं ते सांगितलं, आणि ते डोक्याचा रुमाल सोडून पसरलेल्या हळदीत बसले. दोन दिवस ते आणि मी वेचत होतो. मधेच एक जाडजूड हळकुंड मी त्यांच्या टोपलीत टाकलं. त्यांनी ते बाहेर काढलं. "हे आपलं न्हाई."

"कशावरून, काका?"

"आपलं असतं तं एवढं चांगलं नसतं."

त्यांची टोपली वेगळी झाली आणि एकोणिसाचे अठरा झाले. तेव्हा आबा उठले. त्यांनी एक हळकुंड उचलून ओट्याच्या फरशीवर टाकलं. ते खणकन वाजलं. दुसरं टाकलं, ते भदकन पडलं. "पोरी, तुझ्या वहीत शिजवल्याची तारीख हाय ना?" होती. जी आधी शिजली ती जास्त वाळलेली, ती वाजते. जी उशिरा शिजली ती मुकी. आबांनी आवाजावरून हळद तीन भागांत काढली आणि मी वहीतून त्या त्या दिवसांची नावं वाचली. अठरा जणांचा गुंता सहा-सहाचा झाला. मग एकाने कुदळीऐवजी फावड्याने काढणी केलेली, म्हणून त्याच्या हळकुंडांना सरळ काप होते. एकाच्या घरी मुळ्या नीट तोडत नसत. एकाच्या हळदीची जात आखूड बोटांची. रोज एकच माणूस, फार तर दोन. उरलेल्यांची नावं आत्या काढूच देत नसे. मी पुढच्याचं बोलू लागले की ती म्हणे, "तो आज आलाय का? मंग त्याला त्याच्या घरी निजू दे."

सांची, इथपर्यंतची हकीकत मी नेहमी सांगते. वसतिगृहात, वर्गात, तुझ्या आईला, सगळ्यांना सांगितली. इथे ती चांगली दिसते. पुढची सांगत नाही.

सहाव्या दिवशी बातमी फुटली आणि उरलेले सगळे एकदम आले. त्यांच्या पुढे किसनराव होते, पलीकडच्या गावचे मोठे बागायतदार. आबांहून दहा वर्षांनी लहान. ते खाटेवर बसले नाहीत.

"काय रे निवृत्ती, आमची हळद कुठंय?"

"हितंच हाय, मालक."

"हितंच म्हंजे? कोणत्या ढिगात?"

किसनरावांनी आवारभर नजर फिरवली. "इतक्या वर्सांची रीत, जो तो आपली खूण ठेवतो. त्या खुणा कुणी काढल्या?"

मी शेडच्या खांबाला टेकून उभी होते, वही छातीशी धरून. ते माझ्यापासून दहा पावलांवर होते. आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "म्या काढल्या," ते म्हणाले. "नवीन पद्धत करावी म्हणलं. चूक झाली."

"चूक?" किसनराव बाकीच्यांकडे वळून हसले. "लोक आधीच सांगत होते, ज्याचं काम त्यानंच करावं. आमीच येडे, घरची लक्ष्मी आणून यांच्या दारात टाकली."

धर्माकाका पोती भरत होते, ते थांबले आणि म्हणाले, "माझी मला बराबर मिळाली, मालक. एक कांडी कमी न्हाई." किसनराव म्हणाले, "तुझी गोष्ट वेगळी." आणि मी गप्प उभी राहिले. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मला वाटलं, आत्ता नको, आधी हळदीचं होऊ दे, हे शेवटचं काम आहे. यादीतही ते शेवटीच होतं.

सोळा जणांची हळद वेगळी झाली. तिघांची झाली नाही. तिघांचीही काळी जमीन, एकच जात, एकाच दिवशीची शिजवण. त्यांत किसनराव होते. आबांनी रास समोर ठेवली आणि म्हणाले, आधी तुमी घ्या. किसनरावांच्या गड्यांनी जाड जाड हळकुंडं निवडून पोती भरली. उरलेली बारीक हळद दुसऱ्या दोघांच्या वाट्याला आली. आम्ही भाड्याच्या तुकड्यात थोडी हळद लावली होती, ती आबांनी त्या दोघांच्या पोत्यांत घातली. आमच्या घरात त्या वर्षी विकायला हळद राहिली नाही. गाड्या गेल्यावर आत्या माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "मूग लई गिळले आज. पचतील का?" त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आबांनीही काढला नाही. पुढच्या मोसमात त्यांनी हिंगोलीहून ऑइल पेंटचा डबा आणला आणि मला म्हणाले, "नंबर बी टाकू आन् खुणा बी ठेवू." मी आकडे रंगवले. पुढे माझं लग्न झालं, नोकरी लागली, मी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि दर सुट्टीत घरी जाताना ठरवलं, की या वेळी बोलायचं. आबांना, निदान त्यांना. "तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत," एवढंच वाक्य. ते शेवटच्या आजारात हिंगोलीच्या दवाखान्यात होते तेव्हाही मी उशाशी बसून औषधांच्या वेळा लिहीत होते. नीट, तारखेनिशी. वाक्य राहून गेलं.

म्हणून सांची, एका वेळी एक काम घे, हे खरंच आहे. मी ते परत घेत नाही; त्यानेच आमची हळद वाचली. पण जी गोष्ट सांगायला जीभ उचलत नाही ती यादीच्या तळाशी टाकू नकोस. बाकीची कामं एकेक करून संपतात आणि ती तिथेच बसून राहते. तुझ्या त्या गिऱ्हाइकांना काय झालं ते आधी सांग, मग गोदामातलं पाणी काढ. आत्याने "उद्यापर्यंत मरणारं कोणतं" असं विचारलं होतं. मी हळदीचं उत्तर दिलं. दुसरं उत्तरही होतं.

पुढच्या वर्षी एकोणिसांपैकी बारा जण परत आले. किसनराव आले नाहीत आणि त्यांच्या मागे सहा जण गेले. आबांचं आवार आता निम्मं रस्त्यात गेलं आहे. माझा भाऊ उरलेल्या जागेत वाफेच्या यंत्रावर हळद शिजवतो. एका तासात होतं, वास घ्यावा लागत नाही. त्या बारा घरांपैकी चार घरांची हळद अजून त्याच्याकडे येते.